रेवतीच्या आईचा फोन

"साल काढून घ्यायची की सालीसकटच?" रेवतीची आई फोनवर विचारत होती.

"काढून. तांबड्या भोपळ्याची साल जाड असते, ती नीट वाटली जात नाही. आणि बियांभोवती ते दोरेदोरे असतात ना, तेही चमच्याने खरवडून टाका."

"थांबा हं, लिहून घेते. पेन्सिलीचं टोक मोडलंय मेलं... हं, सांगा."

मी रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता, कारण माझी बोटं भोपळ्याने माखली होती. फोन स्वयंपाकघराच्या दाराशीच होता. तिथून गॅसवरचा कुकर दिसत होता. त्याची पहिली शिटी होऊन गेली होती, दुसरी व्हायची होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. आई तिच्या खोलीत दुपारची आडवी झाली होती, सुहास त्याच्या खोलीत होता आणि रेवती सानिकाला शाळेतून आणायला गेली होती.

सुहास माझा धाकटा भाऊ. रेवती त्याची बायको, सानिका त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मी साताऱ्याला एका शाळेत ग्रंथपाल होते. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही. कोल्हापुरात भावाच्या घरी दोन महिने मुक्काम पडला होता, तो काही सुट्टी म्हणून नव्हे. श्रावणात पुण्याच्या एका हॉस्पिटलात माझी डावी किडनी काढून सुहासला बसवली होती. तो झपाट्याने सुधारत होता. मी सावकाश. जड उचलायला तीन महिने बंदी होती, आणि साताऱ्यात एकटीने पाणी भरणं, बाजार करणं जमणार नाही म्हणून मी इथेच राहिले होते.

हे सूप तसं माझंच. ऑपरेशनच्या आधी पुण्यात आम्ही दीड महिना खोली घेऊन राहिलो होतो. डायलिसिस करून आला की सुहासच्या तोंडाची चवच गेलेली असायची. पोळी बघितली तरी तो मान फिरवायचा. शाळेच्या वाचनालयात येणाऱ्या एका मासिकात मी कधीतरी भोपळ्याच्या सुपाची कृती वाचली होती. ती आठवून, त्यातलं न मिळणारं वगळून, घरचं लोणी आणि साय घालून मी ते केलं. त्याने वाटी संपवली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, कालचं ते पिवळं परत कर ना." तेव्हापासून ते "ताईचं पिवळं" झालं. ऑपरेशननंतरही एक दिवसाआड मी ते करत होते. रेवती भोपळा चिरून द्यायची, मी बाकीचं करायची. त्या दिवशी पहिल्यांदाच चिरलाही मीच होता, हळूहळू, पाटावर बसून विळीवर.

माझ्याकडे किडनी मागायला आई आली होती. ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, एसटीने, एकटी. सत्तरीला टेकलेली बाई, हातात कापडी पिशवी, तिच्यात माझ्यासाठी दोन आंबे. पाणी प्यायली आणि रडायलाच लागली. "रेवतीचं जुळत नाही गं. माझं वय झालं, माझी घेत नाहीत. आता तुझ्याशिवाय कोण आहे त्याला?" मी चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळायच्या आत मी हो म्हटलं होतं.

मी विचार केला नाही, असं लोक मला कौतुकाने म्हणायचे. खरंच केला नव्हता. सुहास माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आमचे वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आई शिवणाच्या वर्गाला जायची आणि त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं माझ्याकडे असायचं. रेवतीचं जुळत नाही, आईचं चालत नाही, उरले कोण? मी. यात विचार करण्यासारखं होतं काय?

पुण्याच्या खोलीतली एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी. ऑपरेशनच्या चारेक दिवस आधी रेवती ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझं जुळलं नाही यात तुझा काय दोष? असं मनाला लावून घेऊ नकोस." त्यावर ती इतकी हमसून हमसून रडली की मलाच कानकोंडं झालं. किती हळवी पोर आहे, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

"मग पुढे?" रेवतीची आई विचारत होती. "रेवती इतकं सांगत असते तुमच्या सुपाचं. आमच्या ह्यांचे वरचे दात काढलेत परवा, त्यांना द्यावं म्हटलं."

"कुकरमध्येच लोणी घालायचं. त्यावर कांदा, चार पाकळ्या लसूण, आल्याचा लहान तुकडा. कांदा लाल नाही करायचा, नुसता मऊ. मग भोपळ्याच्या फोडी घालून जरा परतायच्या, बुडतील इतकं पाणी, आणि दोन शिट्ट्या. थंड झाल्यावर मिक्सर. गरम लावलंत तर झाकण उडेल."

"आणि साय?"

"वाटलेलं गाळून घ्या, थोडं दूध घालून एक उकळी आणा. गॅस बंद करा आणि मग साय, चांगली फेटून. उकळत्यात घातली तर फुटते. वरून मिरपूड, जायफळ. मीठ मी सुहासचं काढून घेतल्यावर बाकीच्यात घालते."

"झालं लिहून." मग जराशी थांबून त्या म्हणाल्या, "कुंदाताई, एक बोलू का? कधीचं बोलायचं होतं. रेवती म्हणते, ताईंना तो विषय आवडत नाही, तू काढू नकोस. पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तुमचे आमच्यावर फार उपकार आहेत हो."

"तुमच्यावर कसले? माझा भाऊ आहे तो."

"असं कसं? आमची एकुलती एक मुलगी. सगळं जुळलं होतं तिचं. डॉक्टर म्हणाले होते, बायकोचं इतकं छान जुळणं हे नशीबच. वैशाखातली तारीखही दिली होती. आमच्या घरात दोन दिवस अन्न शिजलं नाही. शेवटी हे कोल्हापूरला गेले, तुमच्या आईंपुढे हात जोडले, की तिच्या पदरात लहान मूल आहे, काहीतरी दुसरं बघा. आणि आठ दिवसांत तुमच्या आईंचा फोन आला, कुंदा देतेय म्हणून. स्वतःहून देतेय म्हणाल्या. मी देवापुढे साखर ठेवली. एवढं मोठं मन कुठून आणलंत हो?"

मी भिंतीला टेकले. टाक्यांच्या जागी ओढ बसली, म्हणून पुन्हा सरळ झाले.

"कधी आला होता आईचा फोन?"

"अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. माझं आमरसाचं पातेलं घासायचं राहिलं होतं, म्हणून पक्कं लक्षात आहे."

अक्षयतृतीया वैशाखात. आई साताऱ्याला आली ती ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या तोंडावर. मधे सव्वा महिना होता.

कुकरची दुसरी शिटी झाली.

"हॅलो? ऐकताय ना? शिट्ट्या किती म्हणालात?"

"दोन," मी म्हटलं. "दोन पुरे होतात."

फोन ठेवून मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहिले. काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. राग आला नाही, रडूही नाही. मी वाट बघत राहिले, कुकरचं प्रेशर उतरायची. उतरल्यावर झाकण काढलं, फोडी पातेल्यात ओतून ते गार पाण्याच्या परातीत ठेवलं, साय फेटायला घेतली. तेवढ्यात रेवती आली. सानिका दप्तर टाकून शेजारी खेळायला पळाली.

"अगंबाई, ताई, चिरलात पण तुम्ही? मला थांबायचं नाही का?"

"तुझ्या आईचा फोन आला होता. सुपाची कृती विचारायला."

"हो का? सांगितलीत?"

"सांगितली. त्यांनीही मला एक सांगितलं. तुझी वैशाखातली तारीख ठरली होती म्हणाल्या."

रेवती चप्पल काढत होती. एक पाय चपलेत, एक बाहेर, तशीच राहिली. मग ती आत येऊन पाटावर बसली, आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागली.

"मी तयार होते, ताई. देवाशपथ तयार होते. कागदांवर सहीसुद्धा केली होती. मग बाबा आले. आईंना आत घेऊन काय बोलले मला माहीत नाही. आठ दिवसांनी आई म्हणाल्या, कुंदाला हे कळलं, ती म्हणते रेवतीचं मूल लहान आहे, मीच देते. मला किती सुटल्यासारखं झालं सांगू? लाज वाटावी इतकं. मी तुम्हाला पत्र लिहायला बसले होते, आभाराचं. आई म्हणाल्या, नको लिहूस, तिला ओशाळल्यासारखं होईल."

"आणि पुण्यात?"

"पुण्यात तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. तुझं जुळलं नाही यात तुझा काय दोष, असं म्हणालात. तेव्हा मला कळलं तुम्हाला काय सांगितलंय ते. मी यांना रात्री विचारलं. हे म्हणाले, आता चार दिवस राहिलेत, आता काही बोलू नकोस."

"म्हणजे सुहासला माहीत होतं."

"तेव्हाच बोलायला हवं होतं मी," ती म्हणाली. "चार दिवस होते माझ्याकडे. रोज ठरवायचे. रोज तुम्ही ते सूप घेऊन समोर यायचात."

आतून आईच्या पलंगाची कुरकुर ऐकू आली. आई पदर सावरत बाहेर आली, आमच्या दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा टाकला नाही अजून?"

"आई, अक्षयतृतीयेला मी कुणाला म्हणाले होते, किडनी देते म्हणून?"

तिने आधी रेवतीकडे बघितलं. "कोण बोललं?"

"कोण बोललं ते राहू दे. मी कुणाला म्हणाले होते?"

आई खुर्ची ओढून बसली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. एकदाच बोलली होती, आणि ते पुरलं होतं. आता ती लपवायला गेली नाही.

"तू देणारच होतीस, कुंदे."

"मला तेव्हा काही माहीतही नव्हतं."

"मग काय झालं? तू त्याला अंगाखांद्यावर वाढवलंस. मी नीट सगळं सांगून मागितली असती तर नाही म्हणाली असतीस?"

"नाही. दिलीच असती."

"मग काय बिघडलं?"

पातेल्यातला भोपळा गार झाला होता. मी तो मिक्सरच्या भांड्यात काढला, झाकण लावलं, त्यावर हात दाबून धरला आणि बटण फिरवलं. त्या आवाजात कुणालाच बोलता येत नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. मिक्सर मी नको तेवढा वेळ चालू ठेवला.

बंद केल्यावर विचारलं, "रेवतीचं जुळत नाही असं का सांगितलंस?"

"जुळतंय म्हटलं असतं तर तू विचारात पडली असतीस."

"मग पडू द्यायचं होतंस, आई. दोन दिवस विचारात पडले असते. तेवढे दोन दिवस द्यायचे होतेस मला."

"आणि विचार करून नाही म्हणाली असतीस तर?" आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मग मी काय करायचं होतं? सुनेला टेबलावर झोपवायची आणि तिचं काही बरंवाईट झालं तर त्या पोरीला काय सांगायचं?"

"आणि माझं काही बरंवाईट झालं असतं तर?"

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळेपण नव्हतं. लहानपणी मला ताप आला की कपाळावर हात ठेवून बोलायची, तसल्या आवाजात ती म्हणाली, "तुझ्यामागे लहान मूल नव्हतं, बाळ."

रेवतीने तोंडावर हात दाबला.

मी सूप गाळलं. दूध घातलं, उकळी आणली, गॅस बंद करून साय घातली. सुहासची वाटी आधी काढली. ती घेऊन त्याच्या खोलीत गेले.

तो उठून बसला होता. सगळं ऐकलं होतं त्याने. ते घर तसं लहानच होतं. तोंडावर मास्क होता, आम्ही खोलीत गेलो की त्याला तो लावावा लागायचा. त्याचे डोळे तेवढे दिसत होते. रंग किती सुधारला होता त्याचा. दोन महिन्यांपूर्वी राखेसारखा दिसायचा.

मी वाटी स्टुलावर ठेवली. "तू मला स्वतः म्हणाला होतास. पुण्यात, पहिल्याच दिवशी. रेवतीचं नाही जुळलं गं ताई, असं म्हणाला होतास."

"हो."

"आईने सांगितलं म्हणून?"

तो हो म्हणाला असता तर मला चाललं असतं. आईवर ढकलून मोकळा झाला असता तर मी तेही घेतलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "आईने फक्त गप्प बस म्हटलं होतं. ते वाक्य माझं मीच बोललो. तू बसमधून उतरलीस, माझ्याकडे बघून हसलीस, आणि मला वाटलं, हिने आत्ता एक जरी प्रश्न विचारला तरी हे सगळं फिसकटेल. मला जगायचं होतं, ताई. रेवतीलाही काही व्हायला नको होतं. मला दोन्ही हवं होतं."

"मी नाही म्हणाले असते असं वाटलं तुला?"

"नाही. तू हो म्हणाली असतीस. पण माझ्याकडे बघून, सगळं कळून म्हणाली असतीस. मग मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं."

मी वाटीकडे बोट दाखवलं. "गार होईल," म्हटलं आणि बाहेर आले.

साताऱ्याची साडेपाचची गाडी होती. मी माझ्या चार साड्या, औषधं आणि कागद पिशवीत भरले. आई दारात उभी राहून म्हणत होती, "उद्या कोजागरी आहे. असं सणाच्या तोंडावर घरातून जातात का? लोक काय म्हणतील?" पिशवी मला उचलायची नव्हती, सुहासला तर नाहीच नाही, आणि आईला झेपणारी नव्हती. रेवतीने उचलली. रिक्षात ती माझ्याशेजारी बसली. स्टँडवर तिने पिशवी वर रॅकवर चढवली, खिडकीखाली येऊन उभी राहिली. गाडी सुरू झाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोचल्यावर पिशवी कंडक्टरला उतरवायला सांगा."

मी नातं तोडलं नाही. तोडणं मला जमलं नसतं. पहिली दोन वर्षं दिवाळीला गेले नाही, मग जायला लागले. भाऊबीजेला सुहास ओवाळून घ्यायला समोर बसायचा, मान खाली घालून. माझ्या किडनीवर तो तेरा वर्षं चांगला जगला, सानिकाचं कॉलेज बघितलं, मग एका तापात गेला. त्याच्या आजारात आणि त्याच्या मागे आम्ही कुणीच तो विषय कधी काढला नाही. सूप मी पुन्हा केलं नाही. त्यात काही मोठा निश्चय नव्हता, हातच वळला नाही.

सुहासनंतर वर्षभराने आईने स्वतःच सांगितलं, "मला कुंदाकडे न्या." तेव्हा ती चौऱ्याऐंशीची होती. मी निवृत्त झाले नव्हते अजून, पण बाई ठेवली आणि तिला आणलं. शेजारच्या लिमयेबाई रोज संध्याकाळी तिच्याशी गप्पा मारायला यायच्या. आईकडे सांगायला फार काही उरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची, आणि ती मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

"माझी कुंदा लाखात एक. भावासाठी किडनी दिली हो तिने. कुणी मागितलीसुद्धा नव्हती, स्वतःहून पुढे आली."

महिनाभर मी ते ऐकलं. लिमयेबाई दर वेळी कौतुकाने चुकचुकायच्या. एका संध्याकाळी आई तेच सांगायला लागली तेव्हा माझ्या हातात तिची औषधाची गोळी होती. मी ती घेऊन बाहेर गेले, तिच्या पलंगाशी उभी राहिले आणि म्हटलं, "स्वतःहून नव्हते पुढे आले. खोटं सांगून घेतली होती माझ्याकडून."

लिमयेबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मी आवाज चढवला नव्हता. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी चेष्टेत बोलतेय.

आईने पांघरुणाचा काठ चिमटीत धरला. मग लिमयेबाईंना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "हो. खरंय ते. मी खोटं बोलले होते हिच्याशी."

मी तिला गोळी दिली, पाणी दिलं. ती पाणी पिताना भांडं मी धरलं. लिमयेबाई उठून गेल्या. त्यानंतर आई पाच महिने जगली. ती गोष्ट तिने पुन्हा कुणाला सांगितली नाही.